पडणाऱ्यांची विजार

परवा रात्री पुण्याहून भाच्याचा फोन आला. स्वारी जानेवारीत मित्रांबरोबर गुलमर्गला निघाली आहे, स्कीइंग शिकायला. विमानाची तिकिटं झाली, हॉटेल झालं, गॉगल झाला. (गॉगल सगळ्यात आधी झाला, हे सांगायला नकोच.) फोन ठेवता ठेवता सहज विचारल्यासारखं म्हणाला, "मामा, खाली जीन्स चालेल ना? आत थर्मल घालतो."

"नाही चालणार," मी म्हणालो. जरा जास्तच जोरात म्हणालो असणार, कारण पलीकडे एकदम शांतता. मग "सविस्तर लिहितो रे" म्हणून वेळ मारून नेली. तर हे ते सविस्तर. थोडं त्याच्यासाठी, आणि थोडं ताईसाठी, जिला यातली एक गोष्ट मी आजवर सांगितलेली नाही.

म्युनिकला येऊन मला आता वीस वर्षं होऊन गेली. हिवाळ्यात शनिवार उजाडला की इथे अर्धं शहर गाडीच्या टपावर स्की बांधून आल्प्सच्या दिशेने पळतं. मीही पळतो. एवढ्या वर्षांत स्कीइंग काही फार जमलं नाही, पण स्कीच्या पँटींचा मात्र नाद लागला. मिळेल ते वाचत गेलो, जुने फोटो बघत गेलो, आणि हळूहळू माझं एक मत बनलं: स्कीच्या पँटचा इतिहास हा खरं तर पडण्याचा इतिहास आहे. कोण पडतं, कसं पडतं आणि पडताना दिसायची त्याला लाज वाटते का, यावरून ती पँट ठरत आली.

१८८८ साली नॉर्वेचा नान्सेन स्कीवरून ग्रीनलंड ओलांडून गेला. दोन वर्षांनी त्याचं पुस्तक आलं आणि मध्य युरोपातल्या लोकांनाही हे वेड लागलं. तेव्हा स्कीसाठी म्हणून वेगळे कपडे असे नव्हतेच. शिकारीला, डोंगर चढायला जी लोकरीची विजार घालायची तीच इथेही. अशीच एक विजार घालून आर्थर कॉनन डॉयल, म्हणजे आपले शेरलॉक होम्सवाले, मार्च १८९४ मध्ये दाव्होसहून अरोसाला निघाले. पत्नीला क्षय झाला होता आणि दाव्होसची हवा क्षयाला चांगली, म्हणून त्यांचा मुक्काम तिथे. बरोबर तिथलेच ब्रांगर बंधू होते. खिंड ओलांडल्यावर एक भलताच उभा उतार लागला. स्की एकत्र बांधायच्या आणि त्यावर बसून घसरत जायचं असं ठरलं. पण डॉयलसाहेबांच्या स्की त्यांच्या खालून निसटून एकट्याच पुढे गेल्या! साहेबांनी उरलेला उतार बैठकीवर पार केला. पुढे 'स्ट्रँड' मासिकात त्यांनी हा किस्सा लिहिला आणि हॅरिस ट्वीड कधी विरत नाही म्हणणाऱ्या आपल्या शिंप्याची मस्त फिरकी घेतली. त्या ट्वीडचे नमुने वाटेवर अरोसापर्यंत पसरले होते, असा एकंदर सूर.

मला हा माणूस आवडतो तो यासाठी. तो पडला, पँट फाटली, आणि ते त्याने जगाला सांगितलं.

लोकरीची एक गोष्ट मान्य करायला हवी, ती भिजली तरी थोडीफार ऊब धरून ठेवते. पण खरखरीत लोकरीला बर्फ चिकटतो. ढेकळं लोंबायला लागतात आणि खोलीत आल्यावर त्यांचं पाणी होतं. बायकांचे हाल तर विचारू नका. जुन्या फोटोंत घोट्यापर्यंत लोळणारे लोकरी झगे घालून स्कीवर उभ्या असलेल्या बायका दिसतात. त्या काळात एलिझाबेथ ल ब्लाँ नावाची एक गिर्यारोहक बाई होती. ती झग्याच्या आत चक्क विजार घालायची, आणि गाव मागे पडलं की झगा काढून ठेवायची. परतताना गावाच्या अलीकडे पुन्हा झगा! हे वाचलं तेव्हा मला आजीची नऊवारी आठवली. कासोटा घालून ती विहिरीच्या पायऱ्या उतरायची, बैलगाडीत चढायची. त्या झग्यांपेक्षा ती नऊवारी शंभर पटींनी शहाणी.

मग आलं गॅबर्डिन. थॉमस बर्बेरी या इंग्रज कापडवाल्याने १८८८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं होतं. अगदी घट्ट आणि गुळगुळीत विणीचं कापड, त्यामुळे बर्फ झटकला की पडतो. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात स्कीवाल्यांच्या ढगळ, बुटात खोचलेल्या विजारी बहुतेक याच जातीच्या कापडाच्या. दिसायला बेंगरूळ, पण आत आणखी एक विजार मावायची. पडायला उत्तम.

आणि इथून गोष्ट माझ्या गावात, म्युनिकमध्ये येते. विली बोग्नर नावाच्या स्कीपटूने १९३२ मध्ये इथे आपला धंदा सुरू केला. १९३६ साली गार्मिशला हिवाळी ऑलिंपिक झालं, नाझी राजवटीतलं, तेव्हा खेळाडूंची शपथ घेतली ती याच बोग्नरने. पण पँटच्या इतिहासात मोठं नाव आहे ते त्याच्या बायकोचं, मारियाचं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला तिने लोकर आणि हेलान्का, म्हणजे कुरळं केलेलं ताणलं जाणारं नायलॉन, असं मिश्र कापड घेऊन पायाला घट्ट बसणारी, खाली निमुळती होत जाणारी पँट शिवली. टाचेखाली एक पट्टा, त्यामुळे पँट कायम ताणलेली, एक सुरकुती नाही. रंगही कसले, तोवर सगळं काळं नाहीतर गडद निळं होतं! ही पँट मॅरिलिन मन्रोने घातली. अमेरिकेत तर तिला नुसतं 'बोग्नर' म्हणायला लागले, आपण डालडा म्हणतो तसं.

पँट देखणी होती यात वाद नाही. पण ते फोटो नीट बघा. बहुतेक फोटोंत बाई उभी आहे. नाहीतर हॉटेलच्या उन्हात खुर्चीत बसली आहे. ही न पडणाऱ्यांची पँट! आत दुसरं काही घालायला जागा नाही आणि पाणी अडवायची ताकद बेताचीच. जो सराईत आहे, ज्याचं अंग सतत हलत असल्याने गरम राहतं, त्याला चालून जाते. शिकाऊ माणूस तिच्यात दहा मिनिटांत ओला होणार. पण कबूल कोण करणार? स्कीइंग आता श्रीमंतांच्या सुट्टीचा भाग झालं होतं, आणि तिथे पडलेलं दिसणं म्हणजे नवखं दिसणं.

पाण्याचा प्रश्न सुटला तो भलत्याच ठिकाणी. १९६९ मध्ये अमेरिकेत बॉब गोर टेफ्लॉनच्या, म्हणजे आपल्या तव्यावरच्या त्या लेपाच्या, कांड्या तापवून हळूहळू ताणत होता. त्या तुटत होत्या. शेवटी वैतागून त्याने एक कांडी एकदम हिसका देऊन ओढली, आणि ती न तुटता लांबच लांब होत गेली. त्यातून जो पातळ पापुद्रा तयार करता आला त्याला इतकी सूक्ष्म छिद्रं, की पाण्याचा थेंब आत शिरत नाही पण घामाची वाफ बाहेर जाते. १९७६ पासून त्याचं कापड बाजारात आलं, गोर-टेक्स. (त्यातली फ्लोरिनची रसायनं निसर्गात विरत नाहीत हे पुढे कळलं, आणि कंपनीने २०२२ पासून फ्लोरिनशिवायचा पापुद्राही आणला. तो वेगळाच विषय आहे.)

आणि पडण्याची लाज घालवली ती स्नोबोर्डवाल्या पोरांनी. १९६५ मध्ये मिशिगनच्या शर्मन पॉपेनने आपल्या मुलींसाठी दोन स्की एकत्र जोडून एक फळी केली. १९७७ मध्ये जेक बर्टनने व्हर्माँटमध्ये तसल्या फळ्या बनवायचा कारखाना काढला. सुरुवातीला बऱ्याच ठिकाणी या पोरांना उतारावर येऊच देत नसत. त्यांच्या ढगळ पँटींना स्कीवाले हसायचे. पण त्यात हसण्यासारखं काय आहे? स्नोबोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीला जखडलेले. थांबायचं, दम खायचा, बूट अडकवायचे, तर खाली बसावं लागतं. पडलात तर एक तर बैठकीवर नाहीतर गुडघ्यांवर. म्हणून पँट सैल, लांब, बैठकीला आणि गुडघ्याला जाड दुहेरी कापड. हे सरळसरळ 'आम्ही पडतो' असं सांगणारं कापड होतं. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये स्नोबोर्ड आला तेव्हा ती पँटही सन्मानाने आत आली.

२०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या स्नोबोर्ड संघाच्या पँटी बर्टन कंपनीने केल्या होत्या. दिसायला विटलेली जीन्स. प्रत्यक्षात कापड गोर-टेक्स, वर नुसती जीन्सची छपाई. टीव्हीवर ते पाहून सगळे हसत होते, आणि मला तिथे बसवेना.

कारण त्याआधी तीन वर्षं, फेब्रुवारी २००७ मध्ये, बाबा माझ्याकडे तीन महिने राहायला आले होते. वय चौसष्ट. आयुष्य शाळेत शिकवण्यात गेलेलं, बर्फ फक्त भूगोलाच्या पुस्तकातला. म्हणाले, "एकदा पाय ठेवून बघायचाय रे." आम्ही गार्मिशला गेलो. स्की आणि बूट भाड्याने घेतले. पँट भाड्याने मिळत नव्हती, विकत होती, ऐंशी युरो. मी मनात युरोचे रुपये केले. एका दिवसासाठी? बाबाच म्हणाले, "पँट काय, पँट असते." मला तेवढंच हवं होतं. माझी जुनी जीन्स, आत त्यांचा सुती लेंगा, डोक्याला माकडटोपी.

त्यांना शिकाऊ उतारावर एका प्रशिक्षकाकडे सोपवून मी वर गेलो. माझ्या अंगात चांगली पँट होती. एक फेरी, दोन फेऱ्या, अजून एकच म्हणत मी दीड तास काढला. खाली आलो तेव्हा बाबा खोपटाबाहेर भिंतीला टेकून उभे होते. जीन्स मांडीपासून खाली काळीनिळी पडलेली आणि गुडघ्याजवळ पुठ्ठ्यासारखी कडक. सुती कापड पाणी पिऊन घेतं, सोडत नाही, आणि अंगातली ऊब मात्र सोडून देतं. त्यात वारा लागला की ते गोठतं. मी विचारलं, "बाबा, थंडी वाजतेय का?" "छे छे. मजा आली." दात वाजत होते. "आत का नाही बसलात?" तर म्हणाले, "ओल्या कपड्यांनी त्यांच्या बाकावर कसं बसायचं?"

रात्री ताप चढला, तो दोन दिवस राहिला. गुडघे पुढे कित्येक महिने दुखले. ताई, तुला फोनवर 'हवा बदलली म्हणून' असं सांगितलं होतं ते हे. बाबांनीच सांगू नको म्हटलं होतं, आणि तेही माझ्या सोयीचंच होतं. २०१६ मध्ये ते गेले. त्यानंतर पुन्हा कधी त्यांनी बर्फावर पाय ठेवला नाही, पण सगळ्यांना सांगताना मात्र आपण चौदा वेळा पडलो हे मोजून सांगायचे.

असो. तर भाचेबुवा, आता तुझ्यासाठी.

पँटच्या चिठ्ठीवर १०,००० किंवा २०,००० असा आकडा असतो. त्याचा अर्थ, कापडावर तेवढे मिलिमीटर उंच पाण्याचा स्तंभ उभा केला तरी आत गळत नाही. दहा हजार म्हणजे दहा मीटर. ऐकायला खूप वाटतं, पण बर्फात बसल्यावर सगळं वजन एका जागी येतं आणि पाणी तिथूनच दाबून आत शिरतं. दहा हजारांच्या खाली जाऊ नकोस. शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली आहे का ते पँट उलटी करून बघ, कारण सुईच्या भोकांतूनही पाणी येतं. पायाशी आत एक इलॅस्टिकची झालर असते, ती बुटावर चढवायची, म्हणजे बर्फ वर शिरत नाही. मांडीला झिप असेल तर चांगलं, गुलमर्गला ऊन निघालं की घाम येतो आणि घामानेही माणूस भिजतोच. खांद्यावरून पट्टे येणारी, छातीपर्यंतची पँट मिळाली तर तीच घे. जोकरसारखा दिसशील, पण पडल्यावर पाठीत बर्फ जाणार नाही. आत लोकरीचं किंवा पॉलिएस्टरचं थर्मल, सुती काहीही नको, आणि थर्मलचं टोक बुटात कोंबायचं नाही. मोजा एकच, लांब.

मित्रांपैकी जे स्नोबोर्ड शिकणार आहेत त्यांना बैठक आणि गुडघे जाड असलेली घ्यायला सांग. तूही तसलीच घेतलीस तरी बिघडत नाही. पहिल्या आठवड्यात तुमच्यात फार फरक असणार नाही :-)

दुकानात नुसता आरशासमोर उभा राहू नकोस. खाली उकिडवा बसून बघ, कुठे ओढतेय का. आणि किंमत बघायची नाही, पैसे मी पाठवतोय. कमरेचं माप आईला घ्यायला सांग, थर्मल घातल्यावर.