एकाच तारेवरून दोघांचं बोलणं

शेकडो मैल खांब रोवायचे, तार ओढायची, आणि एका वेळी संदेश मात्र एकाच बाजूने जायचा. तारायंत्राच्या सुरुवातीच्या काळात ही उधळपट्टी कंपन्यांना फार खुपायची. अडचण अशी की आपण कळ दाबली की आपलंच यंत्र टकटकायला लागतं, मग समोरच्याचं ऐकायचं कसं?

१८५३ मध्ये ऑस्ट्रियाच्या युलिउस गिंटल यांनी यावर पहिला उपाय करून पाहिला. पण खरी खुबी पुढच्याच वर्षी हॅनोव्हरच्या कार्ल फ्रिशेन यांना सापडली. त्यांनी रिलेवर, म्हणजे येणारा संदेश टिपणाऱ्या विद्युतचुंबकावर, दोन वेटोळी उलटसुलट गुंडाळली. कळ दाबली की निम्मा प्रवाह खऱ्या तारेत जायचा आणि निम्मा तितक्याच रोधाच्या नकली तारेत. दोन्ही वेटोळ्यांचं चुंबकत्व एकमेकांना खोडून काढी, त्यामुळे आपला रिले गप्प बसे. समोरून आलेला प्रवाह हा तोल बिघडवी आणि रिले वाजे.

कागदावर हे चोख होतं, पण लांबच्या मार्गावर गडबडायचं. लांब तार विजेचा साठा करते. कळ दाबताना-सोडताना त्या साठ्याचा धक्का बसे आणि रिले उगाच वाजे. बॉस्टनच्या जोसेफ स्टर्न्स यांनी १८७२ च्या सुमारास नकली तारेला विजेचा साठा करणारे कंडेन्सर जोडले आणि ती खऱ्या तारेसारखीच वागू लागली. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा सुटा भाग हाच. कलकत्त्यात भारतीय तारखात्याचे लुई श्वेंडलर यांनी याच तोलाचं गणित मांडलं; त्यांचा निबंध १८७४ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आला.

त्याच वर्षी एडिसनने एका तारेवर चार संदेश बसवले, प्रत्येक दिशेला दोन. एक कळ प्रवाहाची दिशा उलटवी, दुसरी त्याचा जोर वाढवी. एक रिले फक्त दिशा ओळखे, दुसरा फक्त जोर. टेलिफोनच्या दोन तारांवर दोघांचा आवाज एकदम चालतो, त्यामागेही हाच जुना तोल आहे.

मोटारीत मात्र गणित उलटं झालं. बॉश कंपनीने १९८६ मध्ये जाहीर केलेल्या ‘कॅन’ पद्धतीत इंजिन, ब्रेक, मीटर असे सगळे कंट्रोलर पिळलेल्या दोनच तारांवर असतात. ते एकाच वेळी बोलत नाहीत, पण दोघांनी एकदम तोंड उघडलं तरी संदेश फुकट जात नाही. प्रत्येक जण आपण पाठवलेला बिट तारेवर तपासत राहतो. आपण एक पाठवला आणि तारेवर शून्य दिसलं, की अधिक निकडीचा कोणी बोलतोय हे ओळखून तो जागच्या जागी थांबतो. तारायंत्राने स्वतःचं ऐकू येऊ नये म्हणून वीस वर्षं झगडा दिला. इथे स्वतःचं ऐकल्यावाचून काम चालतच नाही.

या तारांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. गाडी बंद करून मेकॅनिक स्कॅनरच्या सॉकेटमध्ये सहा आणि चौदा नंबरच्या पिनांना मीटर लावतो. साठच्या आसपास दाखवलं तर ठीक. एकशे वीस दाखवलं, तर एका टोकाकडची वायर तुटली आहे किंवा तिथला रेझिस्टर गेला आहे.