ड्रायव्हरच्या पॅन्टचं माप

माझे बाबा एसटीत ड्रायव्हर होते. एकतीस वर्षं नोकरी केली. गणवेशाचं खाकी कापड घरी आलं की आई ते गावातल्या शिंप्याकडे घेऊन जायची. शिंपी जुन्या वहीत बघून म्हणायचा, "ताई, साहेबांचं माप परत घ्यावं लागेल." त्यावर घरात सगळे हसायचे. बाबाही हसायचे, पण जरा कमी.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी त्यांना मधुमेह निघाला. तपासायला गेलो तिथे कुणीतरी त्यांच्या पोटाकडे बघून "काका, हे आधी आत घ्या" असं म्हटलं. म्हणणाऱ्याला ते आठवतही नसेल. बाबांनी मात्र त्या दिवसापासून रात्रीचं जेवण बंद केलं. गोळ्या चालू आणि जेवण बंद, त्यामुळे पंधरा-वीस दिवसांतच एका पहाटे घाम फुटून चक्कर आली. साखर खाली गेली होती. मग भीतीनं सगळंच सोडलं आणि पुन्हा पहिल्यासारखं खाणं सुरू. मला म्हणाले, "अगं, आमचं शरीरच आळशी. तू उगाच डोकं नको लावूस."

मी साथरोगशास्त्रात पीएचडी करते, म्हणजे डोकं लावणं हेच माझं काम. "शरीरच आळशी" हे वाक्य काही जाईना. म्हणून आज तुम्हाला आमच्या विषयातली एक जुनी गोष्ट सांगते. ती ड्रायव्हर, कंडक्टर आणि पॅन्ट यांचीच आहे, फक्त लंडनची.

दुसरं महायुद्ध संपल्यावर ब्रिटनमध्ये हृदयविकारानं मरणाऱ्या मध्यमवयीन पुरुषांची संख्या वाढत होती. कारण कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. १९४८ साली तिथल्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनं सामाजिक वैद्यकाचं एक छोटं पथक उभं केलं. त्याचे प्रमुख होते जेरी मॉरिस, १९१० साली जन्मलेले, ग्लासगोत गरिबीत वाढलेले. युद्धकाळात ते लष्करी डॉक्टर म्हणून भारतात आणि ब्रह्मदेशातही होते. मॉरिस यांचा विचार साधा होता: वेगवेगळ्या कामांतल्या माणसांची तुलना करून बघू, कुणाला हा आजार जास्त होतो.

इथे त्या काळाचं वातावरण लक्षात घ्या. व्यायाम हृदयाला चांगला, हे आज शाळेतलं पोरही सांगेल. तेव्हा उलट होतं. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाला आठवडेच्या आठवडे अंथरुणावर पडून राहायला सांगत. जास्त धावपळ म्हणजे हृदयाची झीज, अशी समजूत डॉक्टरांमध्येही होती.

लंडनच्या दुमजली बसवर दोन माणसं असायची. ड्रायव्हर पाळीचा जवळजवळ नव्वद टक्के वेळ बसलेला. कंडक्टर तिकिटं द्यायला दिवसभर वर-खाली. रोजच्या ५०० ते ७५० पायऱ्या. (आपल्या मुंबईत बेस्टची दुमजली बस १९३७ साली आली. त्या अरुंद जिन्यावर हेलकावे खात चढणारा कंडक्टर तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. जुनी डिझेलची शेवटची गाडी २०२३ मध्ये बंद झाली.) संशोधकाच्या नजरेनं ही जोडी म्हणजे घबाड आहे. दोघांचा मालक एक, पगार साधारण सारखा, वस्ती सारखी, धूर आणि गर्दीही तीच. फरक मुख्यतः एवढाच की एक बसतो आणि दुसरा चढतो.

३५ ते ६४ वयाच्या सुमारे ३१,००० वाहतूक कर्मचाऱ्यांची माहिती जमा झाली. कंडक्टरांमध्ये दर हजारी वर्षाला साधारण १.९ जणांना हृदयविकार होत होता, ड्रायव्हरांमध्ये २.७. शिवाय कंडक्टरांना तो उशिरा व्हायचा आणि झाला तरी तितका जीवघेणा नसायचा. मॉरिस यांनी लगेच ढोल वाजवला नाही. टपाल खात्याचे आकडे येईपर्यंत ते थांबले. तिथेही तेच दिसलं: पायी किंवा सायकलवर टपाल वाटणारे पोस्टमन टेबलाशी बसणाऱ्या कारकुनांपेक्षा बरे होते. मग नोव्हेंबर १९५३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दोन भागांत लेख आला. बऱ्याच जणांचा विश्वास बसला नाही.

आता माझ्या आवडीचा भाग. समजा तुम्ही त्या काळातले संशयी वाचक आहात. तुम्ही काय विचाराल? मी विचारलं असतं: कशावरून बसून राहिल्यानं हे झालं? कदाचित मुळात जाडजूड असलेली माणसंच ड्रायव्हरची नोकरी धरत असतील आणि चपळ माणसं कंडक्टरची. म्हणजे फरक नोकरीनं नाही केला, तो माणूस सोबत घेऊनच आला. आमच्या विषयात याला निवडीचा दोष म्हणतात आणि थिसिसच्या तोंडी परीक्षेत याच प्रश्नावर लोकांची बोबडी वळते.

मॉरिस यांच्या गटालाही हा प्रश्न पडला होता. पण हजारो माणसांची कंबर मोजायची कशी, तीही काही वर्षांपूर्वीची? मग कुणाच्या तरी लक्षात आलं की लंडन ट्रान्सपोर्ट आपल्या माणसांना गणवेश देतं. म्हणजे प्रत्येकाच्या पॅन्टचं माप कुठल्यातरी नोंदवहीत असणारच! त्या नोंदी मिळाल्या आणि १९५६ साली 'लॅन्सेट'मध्ये लेख आला. त्याच्या शीर्षकात चक्क 'गणवेशांचं साथरोगशास्त्र' असे शब्द होते. मी हा लेख पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला आमच्या शिंप्याची वही आठवली, आणि खरं सांगते, लायब्ररीत एकटीच हसले.

त्या मापांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली मॉरिस यांना अडचणीची: ड्रायव्हरांच्या पॅन्टी कंडक्टरांपेक्षा मोठ्या होत्या, आणि तरुण ड्रायव्हरांच्यासुद्धा. म्हणजे संशयी वाचकाचं काही अंशी खरं होतं, थोडा फरक माणूस घेऊनच येत होता. त्यांनी हे लपवलं नाही, छापलं. दुसरी गोष्ट मात्र जास्त महत्त्वाची. त्यांनी सडपातळ, मध्यम आणि स्थूल असे गट पाडले आणि प्रत्येक गटात ड्रायव्हर-कंडक्टर तुलना केली. हृदयविकारानं अचानक मरण्याचं प्रमाण तिन्ही गटांत कंडक्टरांमध्येच कमी निघालं. पोट सुटलेला कंडक्टरही पोट सुटलेल्या ड्रायव्हरपेक्षा सुरक्षित होता.

हे वाक्य परत वाचा, कारण आपण बरोबर याच्या उलट वागतो. आपल्याला वाटतं, व्यायाम म्हणजे पोट आत घेण्याचं साधन. महिनाभर चाललो, काटा हलला नाही की आपण ठरवतो की फुकट गेलं, आणि थांबतो. आरसा आणि वजनकाटा यांना आपण न्यायाधीश करून ठेवलंय. त्या जिन्याचा फायदा मात्र पॅन्टच्या मापात न दिसताही होत होता. वजनाला काही अर्थ नाही असं मी म्हणत नाहीये. आहे, आणि त्याकडे येतेच. पण हालचालीचा हिशेब वेगळ्या वहीत मांडायला हवा.

पुढची अडचण अशी की जिने चढायचे पगार मिळणारी कामं कमी होत गेली. मग खुर्चीवर काम करणाऱ्यांचं काय? १९६८ पासून मॉरिस यांनी सुमारे १७,००० सरकारी अधिकाऱ्यांना गाठलं. या मंडळींना सोमवारी सकाळी कामावर आल्यावर, आधीच्या शुक्रवारी आणि शनिवारी काय काय केलं ते पाच-पाच मिनिटांच्या हिशेबानं लिहायला सांगितलं. (कल्पना करा, आपल्याकडे कुठल्या ऑफिसात सोमवारी सकाळी हा फॉर्म वाटला तर!) १९७३ मध्ये निष्कर्ष आले: फावल्या वेळात दम लागेल अशी हालचाल करणाऱ्यांना धोका साधारण एक-तृतीयांश होता. १९९० सालच्या पुढच्या अभ्यासात अजून एक गोष्ट दिसली, ती कॉलेजात कबड्डी गाजवलेल्या सगळ्यांसाठी आहे. तरुणपणी खेळलेले पण नंतर सोडलेले लोक कधीच न खेळलेल्यांपेक्षा काही सुरक्षित नव्हते. फायदा साठवून ठेवता येत नाही, तो चालू असेपर्यंतच मिळतो.

मला यातून वाटतं ते असं. कंडक्टर काही रोज उठून निश्चय करत नव्हते. त्यांच्या कामात जिना होता, बस्स. आणि ड्रायव्हर आळशी नव्हते, त्यांना खुर्चीला बांधून ठेवायचाच पगार मिळत होता. आज आपण जवळजवळ सगळेच ड्रायव्हर झालोय आणि जिना प्रत्येकानं स्वतःच्या इच्छाशक्तीवर बांधावा अशी अपेक्षा आहे. तो नाही बांधता आला की लाज वाटते. लाजेनं उपास, उपासानं चक्कर. पुढचं वर सांगितलंच आहे.

आता वजनाबद्दल, कारण इथे आपली गोष्ट लंडनपेक्षा वेगळी होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा शेजारी-शेजारी फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दोघांच्या आडनावांवरून याला 'वाय-वाय विरोधाभास' म्हणतात. याज्ञिक यांच्या गटानं पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बाळांचाही अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. पण वजन एवढं कमी असूनही आपल्या बाळांनी त्वचेखालची चरबी बरीच राखलेली, कमतरता होती ती मुख्यतः स्नायूंची. बारीक तरीही चरबीदार. म्हणून आपल्याकडे पुरुषांसाठी ९० आणि बायकांसाठी ८० सेंटिमीटर कंबर ही धोक्याची रेघ मानतात, पुरुषांची रेघ युरोपातल्यापेक्षा कमी.

याचा अर्थ बाबांच्या पोटाची थोडीफार तयारी त्यांच्या आईच्या पोटात, १९५०च्या दशकातल्या दुष्काळी गावातच झालेली असू शकते. हे त्यांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे आजीला बोल लावायचा का आता?" मी म्हटलं, नाही हो बाबा, कुणालाच नाही.

आम्ही एवढंच केलं. रात्रीचं जेवण परत सुरू केलं, भाकरी तीच, भात अर्धा, वरण दाट. वजनकाटा माळ्यावर टाकला. आणि दूध घरी टाकणाऱ्याला बंद करून बाबा रोज सकाळी ते डेअरीवरून आणतात. वाटेत एक चढ आहे, सुरुवातीला दोनदा थांबायचे. मोबाईलमध्ये दहा हजार पावलांचं ॲप टाकू का विचारलं, तर नको म्हणाले. बरंच झालं, तो आकडा १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकण्यासाठी ठेवलेल्या नावातून आलाय, त्यामागे तेव्हा काही अभ्यास नव्हता.

पाच महिने झाले. चढावर आता थांबत नाहीत. परतताना त्यांचे जुने कंडक्टर भेटतात, दोघं पारावर बसतात आणि दूध कधीकधी नासतं. पॅन्टचं माप तेच आहे. साखर पुढच्या महिन्यात परत तपासायची आहे.