किल्लारीचा भूकंप आणि अहमदपूर परिसरातील धोक्याचे मोजमाप

भूकंपाच्या धोक्याचा अंदाज बांधताना पूर्वीच्या धक्क्यांच्या नोंदींवर फार मोठा भार टाकला जातो. जेथे नोंद नाही तेथे भूकंपही नाही, असा समज मग नकळत रूढ होतो. मराठवाड्याला या समजाची जबर किंमत द्यावी लागली.

१९८४ च्या भारतीय नकाशात लातूरचा प्रदेश सर्वांत सुरक्षित अशा पहिल्या विभागात होता. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, किल्लारीस ६.२ परिमाणाचा भूकंप झाला व सुमारे ८ ते १० हजार माणसे दगावली. २००२ मध्ये पहिला विभागच रद्द करण्यात आला. कोयनेच्या १९६७ च्या भूकंपानंतर १९७० मध्ये शून्य विभाग असाच रद्द झाला होता. दोन्ही वेळी भूकंप आधी आला आणि नकाशा मागाहून सुधारला, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

किल्लारीचा भ्रंश आधी का ओळखला गेला नाही? राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने तेथे घेतलेल्या विंधनछिद्रात बेसाल्टाचे आवरण सुमारे ३३८ मीटर जाड आढळले. ज्या पुरातन खडकात भ्रंश दडलेले असतात तो या आवरणाखाली आहे. शिवाय अशा अंतर्भागातील भ्रंशांची पुनरावृत्ती शतकांच्या, कदाचित सहस्रकांच्या अंतराने होते. दफ्तरे इतकी मागे जात नाहीत. म्हणून इतिहासकाराला येथे कागद सोडून मातीकडे वळावे लागते. तेर येथील प्राचीन वस्तीच्या अवशेषांतील विक्षोभाच्या खुणांवरून सी. पी. राजेंद्रन व कुसला राजेंद्रन यांनी सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या भूकंपाचे अनुमान मांडले. ते अनुमान अंतिम मानण्याची गरज नाही; मात्र ‘येथे पूर्वी काही झालेच नाही’ हे विधान त्यामुळे टिकत नाही.

किल्लारीपासून सरळ रेषेत सुमारे ८० किलोमीटरवर, बालाघाटच्या पठारावर वसलेल्या अहमदपुराबाबत हाच विवेक बाळगला पाहिजे. मार्च २०२४ मध्ये हिंगोलीकडे ४.५ परिमाणाचा धक्का बसला व तो नांदेडातही जाणवला. तेव्हा हा पट्टा अगदीच निश्चल आहे असे म्हणता येत नाही. उलट, एवढ्यावरून मोठ्या भूकंपाचे भाकीत करणेही उतावीळपणाचे होईल.

परंतु धोक्याचा एक भाग भूगर्भात नसून घरात असतो, आणि तो मोजता येतो. किल्लारीच्या परिसरात बहुतेक बळी दगडमातीच्या जाड भिंतींनी व माळवदाच्या ओझ्याने घेतले. भिंतीच्या आतल्या व बाहेरच्या दगडी फळ्यांना सांधणारे आरपार दगड नसल्यामुळे त्या फुगून फाटल्या. लाकडी खांब व तुळया मजबूत असलेल्या काही खणांत भिंती ढासळूनही छत मात्र उभे राहिले. तेव्हा अहमदपूर तालुक्याचे मोजमाप करावयाचे तर भ्रंशाच्या शोधाबरोबरच गावोगावच्या जुन्या माळवदांची गणना व्हावयास हवी : किती भिंतींत आरपार दगड आहेत, किती छतांचा भार खांबांवर आहे आणि किती छतांचा निव्वळ भिंतींवर.