किट कार : सस्पेन्शनमध्ये साचणारे पाणी आणि छुपा गंज

सुट्या भागांचा संच विकत घेऊन घरच्या गॅरेजमध्ये जोडलेली मोटार म्हणजे 'किट कार'. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर या छंदाने मूळ धरले. तयार मोटारीवरील खरेदी कर अशा संचावर पडत नसे. १९७३ मध्ये मूल्यवर्धित कर आला आणि ही सवलत संपली. हौस मात्र टिकली. १९५७ ची लोटस सेव्हन हे या घराण्यातील सर्वांत परिचित नाव.

अशा अनेक मोटारींची चाके उघडी असतात. रस्त्यावरचे पाणी, चिखल आणि तिकडच्या हिवाळ्यात बर्फ वितळविण्यासाठी टाकलेले मीठ थेट सस्पेन्शनवर उडते. वाहून गेलेल्या पाण्याचे फारसे भय नाही. घात करते ते साचून राहिलेले पाणी.

ट्रनियनची काळजी

ट्रायम्फ हेराल्ड (१९५९) आणि स्पिटफायर (१९६२) या मोटारींचे पुढचे सस्पेन्शन अनेक किट कारमध्ये वापरले गेले. त्यात चाक धरणाऱ्या उभ्या पोलादी दांड्याचे खालचे टोक आट्यांचे असते आणि ते 'ट्रनियन' नावाच्या पितळी वाटीत बसते. स्टिअरिंग वळविले की दांडा या आट्यांतच फिरतो. वाटी खालून बंद असल्याने, वरचे रबरी सील झिजून आत गेलेले पाणी तेथेच मुक्काम करते. आटे गंजतात, मग तडा जातो आणि अखेर दांडा तुटून चाक आडवे होते. बाहेरून मात्र सारे स्वच्छ दिसत असते.

यावरचा उपाय स्वस्त आहे. येथे ग्रीस न भरता घट्ट गिअर ऑइल भरावे. ग्रीस काळाने कडक होते व आट्यांच्या तळापर्यंत पोहोचत नाही. तेल पोहोचते आणि पाण्याला जागा ठेवत नाही. गाडी भक्कम आधारावर उचलून वाटीवरचा छोटा स्क्रू काढावा, तेथे निपल बसवावा आणि वरच्या सीलमधून तेल पाझरेपर्यंत पंप करावे. त्या वेळी स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवावे. बाहेर येणारे तेल दुधाळ दिसले, तर आत पाणी आहे असे समजावे. तेलात तांबूस गंज आढळला किंवा तेल वर येतच नसेल, तर जोड उघडून आटे तपासल्याखेरीज गाडी रस्त्यावर आणू नये. डाव्या व उजव्या बाजूचे आटे परस्परविरुद्ध असतात, त्यामुळे भागांची अदलाबदल करू नये.

पोकळ नळ्या : पूर्ण बंद किंवा पूर्ण मोकळ्या

चाक आणि सांगाडा यांना जोडणारे 'विशबोन' हे हात पोकळ नळ्यांचे असतात. वेल्डिंगमध्ये सुईएवढे छिद्र राहिले, तरी नळी तापताना हवा बाहेर टाकते आणि थंड होताना ओलावा आत ओढते. म्हणून नळी एक तर पूर्ण बंद असावी, नाही तर सर्वांत खालच्या बिंदूला तिला निचरा असावा. मात्र भार वाहणाऱ्या नळीला स्वतःच्या मनाने छिद्र पाडू नये, त्याने ती दुबळी होते. उत्पादकाने सुचविलेली जागाच निवडावी. निचरा असलेल्या नळीत पोकळीसाठीचे मेण फवारावे आणि निचऱ्याचे छिद्र बुजले नाही ना, ते पाहावे.

पावडर कोटिंगला टवका गेला की पाणी थराखाली शिरते आणि गंज नजरेआड पसरतो. असे टवके त्वरित घासून रंगवावेत. सांध्यांवरची रबरी टोपी फाटलेली असल्यास बदलावी. धुताना दाबाच्या पाण्याचा फवारा सीलवर रोखू नये.

आपल्याकडे संबंध

हेराल्ड भारतात 'स्टँडर्ड हेराल्ड' या नावाने १९६१ पासून मद्रासमध्ये तयार होत असे. जुन्या मोटारींच्या हौशी संग्राहकांकडे ती आजही आढळते आणि तिच्यातही हीच पितळी वाटी असते. कोकण किनाऱ्यावरची खारी हवा व चार महिन्यांचा पाऊस लक्षात घेता, पावसाळ्यापूर्वी एकदा व पावसाळा सरल्यावर एकदा तेल भरणे इष्ट. नव्या रंगाच्या चकाकीपेक्षा या वाटीतील तेल अधिक मोलाचे आहे. चाक जागेवर राहते ते त्याच्याच बळावर.