उद्या सबमिशन आहे

इंजिनीअरिंगच्या होस्टेलवर एके काळी जाड काचेला भलता भाव होता. दोन कॉटच्या मध्ये काच आडवी टाकायची, खाली बल्ब पेटवायचा. काचेवर एखाद्या कष्टाळू मुलाची पूर्ण झालेली ड्रॉइंग शीट आणि तिच्यावर आपली कोरी. खालच्या रेषा उजेडात वर उमटल्या की पेन्सिलीनं गिरवत सुटायचं. ग्लास ट्रेसिंग या प्रकाराला पोरं नुसतं ‘जीटी’ म्हणत. महिनाभर रखडलेली शीट आदल्या रात्री जीटी मारून उरकता येई.

पुण्याजवळच्या चऱ्होलीत ही संस्कृती तशी उशिरा आली. वाघेश्वराचं देऊळ, इंद्रायणीचा काठ, शेजारी आळंदी, असं हे शेतीचं गाव. १९९७ साली ते पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेलं. त्याआधी १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजांना दार उघडून दिलं होतं आणि पुण्याभोवतीच्या माळरानांवर इमारती उभ्या राहू लागल्या होत्या. १९९९ मध्ये आळंदीत एमआयटीची अकॅडमी आली. चऱ्होली-लोहगावच्या बाजूला डी. वाय. पाटलांचं संकुल वाढत गेलं. मागोमाग भाड्याच्या खोल्या, मेस, झेरॉक्सची दुकानं आली. कॉलेजचं वेळापत्रकही आलं. सत्रभराची जर्नल्स आणि असाइनमेंट्स एकाच आठवड्यात तपासायच्या आणि मग अभ्यासाला सुट्टी, म्हणजे पीएल, द्यायची, अशी ही रचना. तिच्यात ‘पीएलमध्ये बघू’ म्हणणाऱ्या पोराला एकट्यालाच आळशी ठरवणं जरा अन्यायाचं होईल.

फक्त तेव्हा वेळ घालवायलाही उठावं लागे. टपरीवर जायचं, मॅचसाठी टीव्ही असलेलं घर गाठायचं. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तरी विद्यार्थ्याच्या वाट्याला आला तो सायबर कॅफे. तिथे तासावर पैसे. जानेवारी २००४ मध्ये ऑर्कुट ही सोशल साइट आली, पोरं एकमेकांना स्क्रॅप टाकण्यात रमली. पण घड्याळाकडे एक डोळा ठेवूनच. खिसा रिकामा झाला की खोलीवर परतणं भाग होतं, आणि खोलीवर तर जर्नल वाट पाहत असे.

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं. सुरुवातीचे काही महिने तर डेटा चक्क फुकट होता, आणि पैशाचा तो लगाम सुटला. तरीही शाळकरी मुलांच्या घरात ‘फोन ठेव, अभ्यासाला बस’ हे वाक्य शिल्लक होतं. मार्च २०२० मध्ये तेही गेलं. शाळा बंद झाल्या. दहावीचा भूगोलाचा पेपर खुद्द बोर्डानंच आधी पुढे ढकलला आणि मग रद्द केला. पुढच्या वर्षी अख्खी परीक्षाच रद्द झाली. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ म्हणत राज्यानं वर्ग मोबाइलवर नेले. गृहपाठ व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर येऊ लागला. चाकण-भोसरीच्या पट्ट्यात ज्या घरात एकच फोन, तिथे तो वडिलांबरोबर कंपनीत जाई आणि शिफ्ट सुटल्यावर घरी येई. मग आधी गृहपाठ उघडायचा की व्हिडिओ? आणि वर्षही कसं पाहा: २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामनं भारतात रील्स आणले, सप्टेंबरात यूट्यूबनं शॉर्ट्सची चाचणी इथेच सुरू केली. पोरांच्या हाती शाळेसाठी फोन आला तो नेमका याच महिन्यांत.

‘असर’ या शिक्षणाच्या देशव्यापी ग्रामीण पाहणीत २०२४ मध्ये १४ ते १६ वयोगटातल्या, स्मार्टफोन चालवता येणाऱ्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो शिक्षणासाठी वापरल्याचं सांगितलं, सोशल मीडियासाठी वापरणारे ७६ टक्के होते.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांच्या वडगावनं यावर भोंगा लावला. १५ ऑगस्ट २०२२ पासून तिथे संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. सुरुवातीला शिक्षक, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीची माणसं घरोघर फिरून बघत. चऱ्होलीत हे जमणं अवघड. इथे सातला कुणाचा बाप दुसऱ्या शिफ्टला मशिनवर असतो आणि कुणाची आई अजून ट्रॅफिकमध्ये. नव्या सोसायट्यांत शेजाऱ्याचं नाव माहीत नसतं, तिथे दार वाजवून ‘पोरगं अभ्यासाला बसलं का?’ विचारणार कोण? खोली घेऊन राहणाऱ्या इंजिनीअरिंगच्या पोरांना तर विचारणारं घरही दूर लातूरला नाहीतर जळगावला. त्यांच्या ग्रुपवर सबमिशनच्या आदल्या रात्री कुणीतरी पूर्ण जर्नलची पीडीएफ टाकतो.