परण्या, शबगश्त आणि मंगलाष्टक

लग्नाच्या आधी मित्रांनी नवरदेवाला बाहेर न्यायचं, खायचं-प्यायचं, त्याची मनसोक्त टिंगल करायची, या प्रकाराला अलीकडे इंग्रजी नाव मिळालं आहे. नाव परदेशी, म्हणून रीतही तिकडचीच, असं आपण धरून चालतो. पण परभणी जिल्ह्यातली जुनी लग्नं आठवली, की हिशेब वेगळा निघतो.

आपल्या मराठवाड्यात लग्न लागण्यापूर्वी नवरदेव मारुतीच्या दर्शनाला निघतो. त्याला आपण परण्या म्हणतो. बाशिंग बांधलेला नवरदेव घोड्यावर, पुढे वाजंत्री आणि वाजंत्रीपुढे नाचणारे मित्र. नवरदेव संसाराला लागण्याआधी शेवटचा नमस्कार करतो तो ब्रह्मचारी देवाला! या रीतीतला हा मिस्कीलपणा मला फार आवडतो. एकटेपणाचा निरोप घ्यायचा तो असा, गावासमक्ष.

दख्खनच्या मुसलमानांत हेच काम शबगश्त करायची. शब म्हणजे रात्र आणि गश्त म्हणजे फेरी. पोलिसांची ‘गस्त’ मराठीत आली ती याच शब्दातून. फुलांचा सेहरा ल्यालेला नौशा, दिवे, बाजा आणि सोबत दोस्तमंडळी, अशी ती रात्रीची फेरी. हा जिल्हा १७ सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता. एका गावच्या एकाच रस्त्यावरून दिवसा परण्या आणि रात्री शबगश्त निघाली, तरी कुणाला त्याचं नवल नव्हतं. मेजवानी, आतषबाजी, सनई हे शब्द फारसीतून आले आणि बाशिंग कन्नडातून. आपल्या मांडवात शब्दांनीही असं दुरून येऊन पंगत धरली आहे.

मित्राचं दुसरं काम कवितेचं. सेहरा हे फुलांच्या मुंडावळीचं नाव, तसंच नवरदेवासाठी रचलेल्या कवितेचंही. १८५२मध्ये दिल्लीत बहादूरशहा जफरचा मुलगा जवांबख्त याच्या लग्नासाठी गालिब आणि जौक या दोघांनीही सेहरे लिहिले आणि त्यावरून दोन थोर शायरांत जुंपली. दख्खनमध्ये ही हौस आणखी जुनी. १५८०मध्ये गोवळकोंड्याच्या गादीवर आलेल्या मुहंमद कुली कुतुबशहानं इथल्या दखनी बोलीत सण, ऋतू आणि लग्नसोहळे कवितेत आणले. इकडे मराठी घरात मामा, आत्या किंवा एखादा मित्र वधूवरांची नावं गुंफून मंगलाष्टक रचतो. सेहरा काय आणि मंगलाष्टक काय, दोन्ही एकाच दिवसासाठी आणि एकाच जोडप्यासाठी लिहिलेल्या कविता.

याचा मला अनुभव आला तो १९९४च्या उन्हाळ्यात. जिंतूरकडच्या एका मित्राचं लग्न ठरलं होतं. हळद लागली की नवरदेवानं वेस ओलांडायची नाही, म्हणून आम्ही सातआठ जण त्याआधीच त्याला घेऊन येलदरीला गेलो. १९६८मध्ये पूर्ण झालेलं पूर्णा नदीवरचं हे धरण म्हणजे आमच्या भागातल्या पोरांचा समुद्र. चुलीवर रस्सा शिजत होता. १९९२-९३च्या दंगलींनंतरचे ते दिवस. चहाच्या टपरीवरही माणसं शब्द जपून वापरत. नवरदेव मला म्हणाला, “शायर, मंगलाष्टक तूच लिहायचं, लेका.” सगळे हसले. मग एक जण हळूच म्हणाला, “घरचे चालवून घेतील का?” रस्सा उकळत होता, तरी क्षणभर कुणी बोललं नाही.

मी लिहिलं. शार्दूलविक्रीडित हे एकोणीस अक्षरांचं वृत्त. त्यात नवरीचं नाव बसलं, पण तिच्या माहेरचं गाव काही केल्या बसेना. लग्नघरी अपेक्षेप्रमाणे कुजबुज झाली. एका थोरल्या माणसानं उघड विचारलं, “मंगलाष्टक ह्यानं लिहायचं?” मित्राची आई कागद हातात घेऊन म्हणाली, “माझ्या लेकराला आशीर्वादच दिलाय ना ह्यानं? मग झालं.” गुरुजींनी तो कागद घेतला आणि माझ्या ओळी स्वतः खड्या आवाजात म्हटल्या. अक्षता पडल्या.

लग्नाला साक्षी लागतात, हे सगळेच धर्म सांगतात. निकाहात दोन साक्षीदार लागतात, सप्तपदीला अग्नी साक्षी असतो. १९५४च्या विशेष विवाह कायद्यात तीन साक्षीदारांच्या सह्या असतात आणि त्यांचा धर्म कुणी विचारत नाही. पण ही साक्ष त्या दिवसापुरती. त्याआधीच्या पंचवीस वर्षांची साक्ष द्यायला मित्रच लागतो. नवरदेव कुठे पोहायला शिकला, कुणाच्या उसात पकडला गेला, परीक्षेच्या आदल्या रात्री कुणाच्या घरी जेवला, हे त्यालाच ठाऊक असतं.

आता परण्यापुढे डीजे लागतो आणि शबगश्त तर नव्या पोरांना शब्दकोशात शोधावी लागेल. नव्या नावाची सहल मात्र जोरात आहे. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. रस्सा येलदरीला खाल्ला काय किंवा गोव्याला, चव सोबतीची असते. नवरदेवानं जाताना फक्त एवढंच पाहावं, की गाडीत सगळे एकाच आळीचे तर नाहीत ना?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)