सातव्या अध्यायातले दोन मित्र

पोळ्याच्या करीला पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात, आणि एका काठावरून पांढुर्णा तर दुसऱ्या काठावरून सावरगाव अशी गोटमार सुरू होते. तिच्यामागची कथा लहान पोरंही सांगतात. पांढुर्ण्याच्या मुलानं सावरगावची मुलगी पळवली, नदी ओलांडताना दोन्ही काठांवरून दगड आले आणि दोघं पात्रातच गेली. गोटमारीची बातमी दरवर्षी वर्तमानपत्रांत येते, तिच्यासोबत ही कथाही येते. पण तिच्या आदल्या महिन्यात, श्रावणात, ह्याच मुलखात पोथीतून आणखी एक प्रेमकथा वाचली जाते. ती 'शिवलीलामृता'च्या सातव्या अध्यायात आहे. तिच्यात एक दरबार आहे, एक कारस्थान आहे, एक चमत्कार आहे आणि दोन मुलगे आहेत. शेवटी त्या दोघांचं एकमेकांशी लग्न लागतं.

राजवाडा, जादू आणि स्त्री-पुरुषाच्या ठरलेल्या चौकटीत न मावणारं प्रेम, ही तीन सूत्रं एकत्र विणलेल्या कादंबऱ्यांना आज इंग्रजीत मोठा वाचक आहे. एलन कुश्नर यांची 'स्वोर्ड्सपॉइंट' १९८७ साली आली. तिचा नायक सरदारांच्या भांडणांत भाडोत्री तलवार चालवतो आणि त्याचं प्रेम एका पुरुषावर आहे. पुढे सी. एस. पकाट यांच्या 'कॅप्टिव्ह प्रिन्स' मालिकेत वैरी राज्यांचे दोन राजपुत्र एकमेकांच्या जवळ आले. आता अशी पुस्तकं मोबाईलवर कुठेही वाचता येतात. 'क्वीअर फँटसी' हे नाव कानावर आलं की आपल्याकडे पुष्कळांना वाटतं, हे बाहेरचं खूळ आहे. मला हे मान्य नाही. ह्या जातीच्या गोष्टीचं एक जुनं कूळ आपल्या देवघरात, लाल बासनात बांधलेलं आहे, आणि तिचं कथानक थेट विदर्भाच्या राजाच्या दरबारात सुरू होतं.

कथा मुळात स्कंदपुराणाच्या ब्रह्मोत्तर खंडातली. श्रीधरस्वामी नाझरेकरांनी ती ओवीत आणली आणि शके १६४० मध्ये बारामतीला 'शिवलीलामृत' पुरं केलं. सात दिवसांचं पारायण असलं की रोज दोन अध्याय होतात. सहावा तिसऱ्या दिवशी संपतो आणि सातवा चौथ्या दिवशी उघडतो, म्हणजे सीमंतिनीची कथा ऐन मध्यात रात्रभर थांबते.

सहाव्या अध्यायात कारस्थान भरपूर आहे. सीमंतिनी ही आर्यावर्ताच्या चित्रवर्म्याची मुलगी. चौदाव्या वर्षी वैधव्य येईल असं तिचं भविष्य निघतं. याज्ञवल्क्यांची पत्नी मैत्रेयी तिला सोमवारचं व्रत सांगते. तिचं लग्न निषध देशाच्या चित्रांगदाशी होतं. तो नलराजाचा नातू. यमुनेत नावेतून फिरताना नाव बुडते आणि चित्रांगद पाताळात नागराज तक्षकाच्या नगरीत पोचतो. वर मात्र तो मेला असंच सगळे धरून चालतात. वारस गेल्याचं पाहून वैरी राज्य बळकावतात आणि त्याच्या आईबापांना बंदीत टाकतात. मग तक्षकाच्या मदतीनं चित्रांगद परत येतो, राज्य सुटतं, सीमंतिनीचं कुंकू शाबूत राहतं. हे ऐकणाऱ्या इथल्या माणसाला दरबारी दगाफटका काही परका नव्हता. ग्रंथ पुरा झाल्यावर वीसेक वर्षांतच देवगडच्या गोंड घराण्यात चांद सुलतानामागे वलीशहानं गादी बळकावली, राणी रतनकुंवरनं रघूजी भोसल्यांना बोलावलं, आणि पाहता पाहता नागपूरपासून सातपुड्यापर्यंतची सत्ता भोसल्यांकडे गेली. सौंसर-पांढुर्णा ह्याच मुलखातलं.

आता सातवा अध्याय. विदर्भात वेदमित्र आणि सारस्वत हे दोन ब्राह्मण मित्र राहतात. वेदमित्राचा मुलगा सुमेधा, सारस्वताचा सोमवंत. पुराणात त्याला सामवान म्हटलं आहे. दोघं एका वयाचे, एकत्र शिकलेले, एकमेकांना सोडून न राहणारे. लग्नाचं वय होतं आणि घरात पैसा नसतो. बाप त्यांना राजाकडे पाठवतात: विद्या दाखवा, धन मागा, लग्नं उरका.

राजा त्यांना पाहतो आणि त्याला एक खेळ सुचतो. निषधाची राणी सीमंतिनी दर सोमवारी ब्राह्मण दांपत्यांची शिवपार्वती म्हणून पूजा करते आणि भरपूर दक्षिणा देते. तुमच्यापैकी एकानं बाई व्हावं, दोघांनी जोडप्यासारखं जावं, दान घेऊन यावं. मुलगे घाबरतात. देवापुढे, गुरूपुढे, आईबापांपुढे कपट करणाऱ्याचा नाश होतो, असं ते राजाला स्पष्ट सांगतात. राजा म्हणतो, ही माझी आज्ञा आहे. गरिबाच्या गरजेवर राजानं केलेली ही करमणूक आहे आणि पोथी ते झाकत नाही. आणखी एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. नलाची राणी दमयंती विदर्भाचीच. तेव्हा विदर्भाचा राजा ज्या घरात हे सोंग पाठवतो, ते त्याच्याच घराण्यातल्या लेकीचं सासर आहे. चेष्टा आप्तांच्या घरातच चालली आहे.

सोमवंत लुगडं नेसतो, दागिने घालतो, डोळ्यांत काजळ भरतो. दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्यं पाहत वाढलेल्या मुलखात पुरुषानं बाईचा वेष घेणं कोणाला नवं नव्हतं. ऐकणाऱ्यांपैकी कितीकांनी असा नाच्या डोळ्यांनी पाहिला असेल. दोघं सीमंतिनीच्या ओळीत जाऊन बसतात. राणी जवळ येते, पाहते, आणि तिला लगेच कळतं की हे दोघे पुरुष आहेत. ती किंचित हसते. शिपाई बोलावत नाही, चारचौघांत पाणउतारा करत नाही. समोर बसलेल्या त्या दोघांना ती शंकर आणि पार्वती मानते आणि पूजा पुरी करते. ह्या अध्यायातली ही जागा मी पुन्हा पुन्हा वाचतो. तिला फसवायला आलेल्या सोंगाला तिनं खरं म्हणून स्वीकारलं आणि त्या स्वीकारानंच ते खरं झालं.

परतीच्या वाटेवर रान लागतं. सोमवंत मागून हाक मारतो. त्याला आपलं पुरुषपण आठवत नाही. तो बोलतो ते बायकोनं नवऱ्याशी बोलावं तसं. सुमेधाला वाटतं मित्र थट्टा करतो आहे, म्हणून तो पुढे चालत राहतो. पुन्हा हाक येते. वळून पाहतो तर खरोखरच बाई. सुमेधा गोंधळतो, मोहातही पडतो, पण स्वतःला आवरतो आणि म्हणतो, आधी घरी जाऊ.

घरी आकांत होतो. सारस्वताचा एकुलता एक मुलगा गेला, आता पिंड कोण देणार? तो राजाला तोंडावर बोलतो: तुझ्या आज्ञेनं माझं कूळ बुडालं. राजाची जिरते. भरद्वाज ऋषींना घेऊन तो देवीच्या देवळात उपाशी बसतो. देवी प्रसन्न होते आणि राजा मागतो, ह्याला पुन्हा पुरुष कर. देवी नकार देते. माझ्या भक्तानं जे केलं ते फिरणार नाही. सारस्वताला दुसरा मुलगा होईल, आणि ही सुमेधाची बायको होईल. तसंच होतं.

जुन्या वाङ्मयात देह बदलण्याच्या कथा पुष्कळ आहेत. इला आहे, शिखंडी आहे. वेताळपंचविशीच्या परंपरेत तर एक ब्राह्मण तोंडात गुटिका धरून मुलगी होतो, राजकन्येच्या महालात शिरतो, आणि प्रधानाचा मुलगा त्या 'मुली'च्या प्रेमात पडतो. पण तिथे तो बदल डाव असतो. गुटिका काढली की संपलं. इतर कथांत बहुधा शाप असतो, सूड असतो, नाहीतर उःशाप येईपर्यंतची मुदत असते. सोमवंताच्या वाट्याला आलेलं बाईपण शिक्षा नाही. ते भक्तीचं फळ आहे आणि ते मागे घ्यायला देवीसुद्धा तयार नाही. इतकं ठाम उत्तर मला दुसऱ्या कुठल्या पुराणकथेत दिसत नाही.

कोणी म्हणेल, शेवटी लग्न एका पुरुषाचं आणि एका बाईचंच झालं. खरं आहे, पुराणाला ती चौकट मोडायची नव्हती. तरी ज्या माणसावर सुमेधाचा जीव होता तो माणूस बदलला नाही, त्याचा देह बदलला. बालपणापासूनची मैत्री पोथीनं आधी सांगितली आहे आणि लग्न तिच्यावर उभं केलं आहे. शिवभक्ताला हे अवघड जाऊ नये. सौंसर तालुक्यात मोहगाव हवेलीला, सर्पिणी नदीच्या काठी, अर्धनारीश्वराचं देऊळ आहे. एकाच ठायी अर्धं पुरुषाचं आणि अर्धं बाईचं असं रूप मानून जो मुलूख पिढ्यान्‌पिढ्या हात जोडतो, आणि नागपंचमीच्या सुमारास पचमढीच्या डोंगरात नागद्वाराची यात्रा करतो, त्याला तक्षकाची नगरीही लांबची नाही आणि सोमवंतही नाही.

मग ही कथा विसरल्यासारखी का झाली? एक कारण साधं आहे. रोजच्या वाचनाला लोक अकरावा अध्याय घेतात, रुद्राक्षमहिम्याचा. सातवा पारायणापुरता उरला, आणि पारायणात फळाकडे लक्ष जास्त, गोष्टीकडे कमी. दुसरं कारण कादंबरीच्या इतिहासात आहे. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ साली आली, नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ साली. मराठीतल्या ह्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांत राजे, प्रधान, कपटं, ताटातुटी, वेषांतरं सगळं होतं. सोमवंताला जागा व्हावी असंच ते अंगण होतं. पण नव्या शिक्षणानं आलेली नीती अंगणात आधीच येऊन बसली होती. १८७२ साली काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी 'नावल व नाटक ह्यांविषयी निबंध' लिहून ह्या साऱ्या अद्भुताचीच झडती घेतली, आणि हरिभाऊ आपट्यांनंतर गंभीर कादंबरीचा ओढा वास्तवाकडे गेला. राजवाडा ऐतिहासिक कादंबरीकडे गेला आणि जादू मुलांच्या पुस्तकांकडे. चौकटीत न मावणारं प्रेम मराठी साहित्यात परत आलं ते शहरी खोल्यांमधून: विजय तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट'मध्ये ते दोन बायकांचं होतं, सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू'मध्ये पुण्यातल्या घरातल्या भाऊ-बहिणीचं एकाच तरुणावरचं. मोलाची पुस्तकं आहेत ही. पण त्यांत राजाही नाही आणि देवीही नाही.

सुमेधा-सोमवंत पुन्हा उजेडात आले ते इंग्रजीतून. रूथ वनिता आणि सलीम किदवई यांनी २००० साली भारतातल्या समलिंगी प्रेमाच्या वाङ्मयाचा मोठा संग्रह संपादित केला, त्यात स्कंदपुराणातली ही कथा घेतली. २००८ साली मुंबईत वाढलेल्या देवदत्त पट्टनायक यांची 'द प्रेग्नंट किंग' ही कादंबरी आली. तिच्यात हे दोन मुलगे युवनाश्व राजाच्या न्यायासनासमोर उभे आहेत, आणि राजा त्यांना मृत्युदंड देतो. पुढे ते भुतं होऊन त्याचा पिच्छा पुरवतात. कादंबरी ताकदीची आहे. तरी माझा कौल श्रीधरस्वामींच्या शेवटाला. तिथे मुलांना कोणी मारत नाही. राजालाच देवळात जाऊन उपाशी बसावं लागतं.

१९५६च्या राज्यपुनर्रचनेत सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिलं, आणि २०२३ साली पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला. शाळा-कचेरीत हिंदी आणि घरात मराठी, अशा ह्या पट्ट्यात पोथीनं मराठी वाचन जिवंत ठेवलं. अद्भुतरम्य कादंबरी लिहायची असेल तर इथल्या लिहिणाऱ्याला कथानक शोधत फिरायचं कारण नाही. पोथीनं सोडलेल्या जागाच पुष्कळ आहेत. राजा, बाप, ऋषी, देवी सगळे बोलले, पण सोमवंताला परत पुरुष व्हायचं आहे का, हे त्याला कोणीच विचारलं नाही. बायकांच्या वेषात राजवाड्याकडे चालताना त्याच्या मनात काय होतं? भीती, की बरं वाटणं? सुमेधानं रानात स्वतःला आवरलं, ते कशाच्या धाकानं? सीमंतिनीनं दिलेली दक्षिणा अखेर कोणाच्या हाती गेली? आणि लग्नासाठी पैसे मागायला निघालेल्या त्या दोन मित्रांना, निघताना, खरंच दुसऱ्या कोणाशी लग्न करायचं होतं का?